एंकहाउझन: वेंगुर्ल्याच्या वखारीचा धागा धरून चार दिवस

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे डच वखार म्हणून एक पडकी इमारत आहे, छप्पर गेलेलं, भिंतींत झाडं वाढलेली. लहानपणी तिच्यावरून जाताना कुणीतरी मोठं माणूस सांगायचं की ही डच लोकांनी बांधली आणि विषय तिथेच संपायचा. हे डच कोण, एवढ्या लांबून वेंगुर्ल्यालाच कशाला आले, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मागच्या जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे नेदरलँड्समध्ये आम्स्टलवेनला गेले, बरोबर आई (वय ७२). ट्युलिपचा सीझन केव्हाच संपलेला. बहिणीने विचारलं कुठे जायचं, मी म्हटलं एंकहाउझन. तिला तिथे राहून सहा वर्षं झालीत पण हे नाव तिने फक्त स्टेशनवरच्या बोर्डावर वाचलेलं, कारण त्या दिशेची ट्रेन तिथेच संपते.

एंकहाउझनच का, तर आमच्या वखारीबद्दल वाचता वाचता मला यान हाउखन व्हान लिन्सखोटन हा माणूस सापडला होता, आणि तो लहानाचा मोठा या गावात झाला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

दिवस पहिला, पोचलो

आम्स्टरडॅम सेंट्रलवरून थेट ट्रेन, साधारण तासभर. गेटवर आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं आणि उतरल्यावर आठवणीने परत टेकवायचं, बस. शेवटी रूळ संपतात आणि समोर डोलकाठ्याच डोलकाठ्या, स्टेशन अक्षरशः बंदराला लागून आहे. आई खाली उतरली आणि पहिलं वाक्य, "वारो बघ गो काय तो!" जून असला तरी विंडचीटर हवाच, स्वेटरने भागत नाही.

खोली एका जुन्या घरात घेतली होती, नाव नको. घर सुंदर होतं पण खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना इतका उभा की शिडीच म्हणा. आईचे गुडघे बघून मालकांनी तासाभरात खालची खोली रिकामी करून दिली म्हणून निभावलं. तुम्ही वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर बुकिंग करतानाच तळमजला आहे का विचारा, जुन्या डच घरांचे जिने असेच असतात.

संध्याकाळी ड्रोमेडारिस बघायला गेलो. हा १५४० सालचा बंदराच्या तोंडावरचा जाड, गोल बुरूज. वर हेमोनी बंधूंच्या कारखान्यातल्या १७व्या शतकातल्या घंटा आहेत, त्या सुरात वाजतात. आम्ही खाली बाकावर बसलो आणि मी आईला लिन्सखोटनची गोष्ट सांगितली. रात्री दहा वाजून गेले तरी उजेड होता, त्यामुळे वेळेचं भानच राहिलं नाही.

गोष्ट अशी. हा मुलगा १५७९ च्या शेवटी, सोळाव्या-सतराव्या वर्षी, भावांकडे स्पेनला गेला. तिथून लिस्बन, आणि १५८३ मध्ये गोव्याच्या नव्या आर्चबिशपचा, म्हणजे व्हिसेन्ते द फोन्सेकाचा, सेक्रेटरी म्हणून थेट गोव्यात. पाच वर्षं तिथे राहिला. फार फिरला नाही, पण आर्चबिशपच्या घरात बसून जे कागद हाताखालून जात होते ते बघितले, खलाशांना, व्यापाऱ्यांना विचारलं आणि सगळं लिहून ठेवलं. पोर्तुगीज आपले समुद्रमार्ग, वारे, खडक, कुठल्या बंदरात काय मिळतं ही माहिती जपून ठेवत होते, आणि याने नेमकी तीच टिपली. आर्चबिशप वारला, नोकरी गेली, परतताना अटलांटिकातल्या अझोर्सच्या तेर्सेइरा बेटावर दोनेक वर्षं अडकला, आणि १५९२ च्या सप्टेंबरात याच बंदरात परत आला. तेरा वर्षांनी.

"आणि आवशीक ओळख तरी पटली आसतली?" आईने विचारलं. मी इतकं वाचलं होतं, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्याचं 'इतिनेरारियो' हे प्रवासाचं पुस्तक १५९६ मध्ये छापलं गेलं. त्यातला नौकानयनाचा भाग आधीच, १५९५ मध्ये, तयार झाला आणि त्याच वर्षी जावाकडे निघालेल्या पहिल्या डच ताफ्याने तो बरोबर नेला. पोर्तुगीज मलाक्काच्या सामुद्रधुनीवर बसलेले होते, तर त्यांना टाळून सुंदाच्या सामुद्रधुनीतून जा असा त्याचा सल्ला होता. पुढच्या काही वर्षांत ही माहिती इंग्रजी, जर्मन, लॅटिन, फ्रेंच सगळ्यांत गेली. गोव्यात बसून लिहिलेल्या टिपणांनी पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडायला केवढी मदत केली, हे मला तोवर खरंच ठाऊक नव्हतं.

मी मोबाईलवर स्कॅन घेऊन ठेवले होते, इंग्रजी आणि मूळ डच दोन्ही (जुनी पुस्तकं आहेत, फुकट मिळतात, निघण्याआधी डाऊनलोड करून घ्या). त्यात गोव्याच्या बाजाराचं चित्र आहे, भर रस्त्यात लिलाव चाललाय, कुणी छत्रीखाली, कुणी पालखीत. पोर्तुगीज त्याला 'लेलांव' म्हणत आणि आपला 'लिलाव' हा शब्द त्यावरूनच आला. त्या लिलावात घोडे, कापड विकलं जात होतं तशी माणसंही विकली जात होती, हेही त्याने लिहून ठेवलंय. आई ते चित्र बराच वेळ बघत होती, बोलली काहीच नाही.

पुढे आंब्याचं प्रकरण. हिरव्या कैऱ्या मिठात घालतात, काहींत आलं-लसूण भरतात, त्याला 'मांगास रेशेआदास' म्हणतात. हे वाचून मला आपला गोव्याचा रेशाद मसाला आठवला, शब्द तोच, रेशेआदो म्हणजे भरलेलं. पण त्याच ओळीत पुढे आणखी एक नाव होतं, 'मचार'. ते काही कळेना. आईलाही विचारलं. शेवटी दोघी कंटाळून झोपलो.

दिवस दुसरा, हेरिंग आणि मिरीचं घर

सकाळी गावात भटकलो. गावाच्या शिक्क्यावर तीन मासे आहेत, डोक्यावर मुकुट घातलेले हेरिंग, जिकडे तिकडे दिसतात. हे गाव मोठं झालं ते आधी मिरीवर नाही, माशावर. हेरिंग पकडला की बोटीवरच गळ्याजवळ चीर देऊन आतडी काढायची, थोडा भाग मुद्दाम आत ठेवायचा आणि मीठ लावून पिंपात भरायचं, मग तो महिनोन् महिने टिकतो आणि बाल्टिकपर्यंत विकता येतो. आमच्याकडे खारवलेले मासे बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आईने स्टॉलवर कांदा घातलेला कच्चा हेरिंग बघितला, आधी नको म्हणाली, मग माझ्यातला तुकडा उचलला आणि म्हणाली, "ह्यो तर पेडव्याचो भाव!" दोन्ही खरोखरच एका कुळातले. नवा हेरिंग जूनच्या मध्यापासून येतो, तेव्हा गेलात तर नक्की खा, मऊ असतो, अजिबात उग्र नाही.

मग झाउडरझे म्युझियम. याचे दोन भाग आहेत, गावातलं बंदिस्त म्युझियम आणि पाण्याकाठचं उघडं. उघड्या भागात जायला स्टेशनजवळून बोट सुटते आणि तो साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच चालू असतो, तारखा बघून जा. म्युझियमकार्ड (म्युझियमांचा वार्षिक पास) चालतं. आसपासच्या किनाऱ्यावरच्या गावांतली घरं, दुकानं, वर्कशॉप असं शंभरावर बांधकाम उचलून इथे आणून वसवलंय. आईला काय आवडलं असेल तर चुन्याच्या भट्ट्या. शिंपले जाळून चुना करायच्या. ती लांबूनच म्हणाली की चुन्याची भट्टी गो ती, तिच्या लहानपणी खाडीकाठी अशीच शिंपल्यांची भट्टी लागायची, तो चुना भिंतींनाही आणि पानालाही. तिथल्या एका आजीबाई स्वयंसेविका होत्या, जाळं विणत बसलेल्या. आईला डच येत नाही, त्यांना मालवणी नाही, तरी गाठ कशी मारायची यावर दोघींचं पंधरा मिनिटं बोलणं चाललं होतं. धुरावलेला मासा तिथेच ताजा मिळतो, पावात घालून खाल्ला, जेवण झालं.

याच आजीबाईंनी मोडक्या इंग्रजीत समुद्राचं सांगितलं. पूर्वी इथे झाउडरझे म्हणजे खारा समुद्र होता. १९१६ मध्ये मोठा पूर आला, आणि कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरची जुनी योजना मार्गी लागली. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध, आफ्सलाउटडाइक, घालून समुद्राचं तोंड बंद केलं. खारं पाणी हळूहळू गोडं झालं, आयसलमेर नावाचा तलाव झाला. पुरापासून लोक वाचले हे खरंच. पण हेरिंग गेला, अँकोव्ही गेला, काही जण ईल पकडायला लागले, बाकीच्यांनी बोटी विकल्या. त्यांचे आजोबा बोटी विकणाऱ्यांतले. त्या शांतपणे सांगत होत्या, हात विणतच होते.

दुपारी परत गावात, पेपरहाउइस. पेपर म्हणजे मिरी, हे मिरीघर. १६२५ ची इमारत, पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे व्हीओसीने, गोदाम म्हणून वापरली. दर्शनी भिंतीवर हेरिंगच्या बोटीचं कोरीवकाम आणि जुन्या डचमध्ये एक ओळ, आधी खर्च मग कमाई अशा अर्थाची. व्हीओसी निघाली १६०२ मध्ये, तिच्या सहा शाखा होत्या, आम्स्टरडॅमचा वाटा निम्मा, मिडलबर्गचा पाव आणि डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एंकहाउझन यांचा प्रत्येकी एक सोळांश. म्हणजे या चिमुकल्या गावाचा जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत सोळावा हिस्सा! गोदामाच्या तुळया इतक्या जाड आहेत की बघूनच वजनाचा अंदाज येतो.

आणि आमची वखार? तीही याच कंपनीची. १६३० नंतर व्हीओसीची जहाजं गोव्याची नाकेबंदी करायला यायची, त्यांना पाणी, तांदूळ, विसावा आणि गोव्याच्या बातम्या पुरवायला जवळचं ठिकाण हवं होतं, म्हणून १६३७ मध्ये वेंगुर्ला. तिथले डच अधिकारी पत्रं लिहीत, त्यांत आदिलशाहीच्या आणि पुढे शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या असत, म्हणून आजही शिवकाळाचे अभ्यासक ती पत्रं धुंडाळतात. इथे मिरीघराला छप्पर आहे, रंग आहे, वर्षभर माणसं बघायला येतात. आमच्या वखारीला साधं छप्परसुद्धा उरलेलं नाही. मला वाईट वाटलं आणि ते मी लपवत नाही.

दिवस तिसरा, होर्नपर्यंत गोल चक्कर

हे मात्र कराच. सकाळी एंकहाउझनहून जुन्या बोटीने मेडेम्ब्लिक, तिथून वाफेच्या इंजिनाची जुनी ट्राम होर्नपर्यंत, आणि होर्नहून साध्या ट्रेनने परत. तिन्हीचं एकत्र तिकीट मिळतं, पण रोज नसतं, आणि उन्हाळ्यात आधी काढलेलं बरं. दिवस पूर्ण जातो. वाफेचं इंजिन बघून आईला तिच्या लग्नाच्या वऱ्हाडाचा प्रवास आठवला आणि शेतांमधून जाताना ती सगळी नावं सांगत बसली, कोण आलं होतं, कुणाचा डबा सांडला.

होर्नच्या चौकात यान पीटरसोन कूनचा पुतळा आहे. हा इथलाच, जन्म १५८७, पुढे व्हीओसीचा पूर्वेकडचा गव्हर्नर-जनरल. १६२१ मध्ये जायफळासाठी याने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जी कत्तल केली ती वाचून झोप लागत नाही, हजारो माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम केलं, बेटंच्या बेटं रिकामी. पुतळा १८९३ चा, खाली २०१२ मध्ये लावलेल्या पाटीवर हेही आता लिहिलंय. मला वाटतं पुतळ्याखाली ते लिहिलेलं असणं एवढं तरी व्हायलाच हवं होतं. लिन्सखोटनची वही आणि कूनची तोफ यांच्यात पंचवीसच वर्षांचं अंतर आहे, आणि दोघांची गावं ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. मला लिन्सखोटन आवडतो, पण वाट त्याने दाखवली आणि त्या वाटेने कोण कोण गेलं हे विसरून त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही.

होर्नच्या अर्काइव्हमध्ये एक कागद सांभाळून ठेवलाय, जगातलं सगळ्यात जुनं शेअर सर्टिफिकेट. ९ सप्टेंबर १६०६, व्हीओसीच्या एंकहाउझन शाखेचं, १५० गिल्डरचं (तेव्हाचं डच चलन), पीटर हार्मन्झ नावाच्या माणसाचं. हा कुणी मोठा सावकार नव्हता, एंकहाउझनच्या नगराध्यक्षांकडे निरोप्याचं काम करायचा. २०१० मध्ये एका विद्यार्थ्याला जुन्या दप्तरात ते सापडलं. बहीण शेअरमार्केटवाली, तिने हे ऐकून पहिल्यांदा या ट्रिपमध्ये मनापासून रस घेतला आणि परतीच्या गाडीत मलाच दहा प्रश्न विचारले.

दिवस चौथा, तटावरून आणि मग निघताना

शेवटच्या दिवशी गावाच्या जुन्या तटावर चाललो. मातीचा तट, खाली खंदकात बदकं, आणि आत शिरलं की बुरेनहूक, म्हणजे शेतकऱ्यांचा कोपरा. तटाच्या आत चक्क शेतघरं आणि कुरणं कशी, तर १७व्या शतकात इथे विसेक हजार माणसं होती, मग हेरिंगचा धंदा बसला, व्यापार आम्स्टरडॅमकडे सरकला, आणि पुढच्या दीडशे वर्षांत वस्ती तिसऱ्या हिश्श्यावर आली. घरं पाडली, जागा गुरांना मिळाली. आज लोकसंख्या पुन्हा १८-१९ हजार आहे, म्हणजे इतक्या शतकांनी गाव जिथून उतरलं तिथवर परत चढलंय. आता इथला मोठा धंदा भाजीपाल्याच्या बियाण्यांचा. या पट्ट्याला सीड व्हॅलीच म्हणतात. आपल्याकडे जालना जसं बियाण्यांसाठी, तसं.

गावाने आणखी माणसं दिलीत. लुकास वाखेनार, इथला खलाशी, १५८४ मध्ये त्याने छापील सागरी नकाशांचं पुस्तक काढलं, ते इतकं चाललं की इंग्रज खलाशी अशा कुठल्याही पुस्तकाला 'वॅगनर' म्हणायला लागले. डिर्क खेरिट्सझ, गोव्यात अनेक वर्षं राहून चीन-जपान गाठलेला, त्याला गावात डिर्क चायनाच म्हणत. लिन्सखोटनने गोव्यात त्याच्याकडूनही पूर्वेची माहिती घेतली. विचार करा, १५८० च्या दशकात गोव्याच्या गल्लीत एंकहाउझनची दोन माणसं भेटतात आणि आपल्या बोलीत गप्पा मारतात. आणि पालुदानुस, गावचा डॉक्टर, घरात जगभरचे शंख, बिया, हत्यारं जमवलेला, त्यानेच 'इतिनेरारियो'त फळा-मसाल्यांवर टिपा जोडल्या. घारापुरीसुद्धा आहे त्या पुस्तकात, बेटाचं नाव 'पोरी' लिहिलंय. चौल आहे, दाभोळ आहे.

दुपारच्या ट्रेनला तास होता म्हणून बंदरावर बाकावर डबा उघडला. आईने वेंगुर्ल्याहून कैरीच्या लोणच्याची बरणी आणली होती, मे महिन्यात घातलेलं, चीझ-पावाबरोबर तीच चार दिवस साथ देत होती. शेजारी एक आजोबा येऊन बसले, सत्तरीच्या पुढचे, वास आला तसे वळून हसले. आईने हाताने खूण करून पावाच्या तुकड्यावर फोड ठेवून दिली. त्यांनी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "आत्यार!"

मी म्हटलं काय? म्हणाले आत्यार, आम्ही घरी भाताबरोबर खातो, इंडोनेशियाचा शब्द आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मोबाईल काढला, इंग्रजी नाही, मूळ डचची प्रत, आंब्याचं प्रकरण. ती जुनी टोकदार काळी अक्षरं मला लागत नव्हती म्हणून मी चार दिवस ते पान उघडलंच नव्हतं. आजोबांनी चष्मा वर केला, स्क्रीन मोठी केली आणि बोट ठेवून सावकाश वाचत गेले, मांगास, मीठ, आलं, लसूण. मग थांबले.

'मचार' नव्हतंच ते. इंग्रजीत छापताना चुकलं होतं. डचमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, आचार.

"तुमच्याच गावच्या माणसाने लिहिलंय," मी सांगितलं, "१५९६ मध्ये, आमच्याकडे शिकून." त्यांनी परत एकदा वाचलं, मोठ्याने. आईला मी अर्थ सांगितला. तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं, बाहेरून रुमालाने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.